सुयांच्या उशीचं माप

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. मुलीला शनिवार-रविवार. त्यामुळे बाप-लेक एका घरात राहूनही आम्हाला सबंध दिवस एकत्र असा मिळत नाही. बायको होती तोवर हे कधी जाणवलं नाही. ती तिन्ही दिवस घरात असायची आणि आमच्यातलं बोलणं इकडून तिकडे पोचवायची. "तुझे पप्पा म्हणत होते," नाहीतर "तुमची लेक म्हणत होती," अशा वाक्यांवर आमचं घर चालायचं. ती गेली आणि ही ने-आण थांबली.

मी चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल खोक्यात टाकायचा. आयटीआय करून धाराशिवकडून इकडे आलो तेव्हापासून हेच. घर चिखलीत, अर्ध्या गुंठ्यावर बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर एक. वरची खोली बायकोच्या कामाची. ती रुखवत करून द्यायची. लग्नात मुलीकडची मंडळी हौसेनं मांडतात ते सगळं: जरीच्या दोऱ्यानं गुंडाळलेल्या सुपाऱ्या, खडे लावलेले नारळ, मण्यांची तोरणं, कापडी बाहुल्यांची वरात. आमच्या गल्लीत बहुतेक माणसं बाहेरून आलेली, लातूरची, बीडची, थोडी कोकणातली. गावाकडे हे काम घरातल्या बायका मिळून करतात, इथे तेवढ्या बायका एका घरात नसतात आणि असल्या तरी शिफ्टवर असतात. त्यामुळे तिच्याकडे काम कायम असायचं. मुलगी लहानपणी तिच्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची, पुढे स्वतःही भरतकाम करायला लागली. हिंजवडीत नोकरी लागल्यावरसुद्धा शनिवारी दुपारी दोघी वर बसायच्या. मला कधी खालून त्यांचं हसणं ऐकू यायचं. शब्द यायचे नाहीत.

गेल्या वर्षी बायको आजारात गेली. त्यानंतर मुलीनं सुई हातात धरली नाही. वरच्या खोलीला आम्ही कुलूप लावलं नाही, पण ती बंदच झाली.

सामान मात्र खाली येत राहिलं. बायको कपड्यांवर टिकल्या लावायची, बारीक, सोनेरी, मध्ये भोक असलेल्या. त्या मला सापडायला लागल्या. डब्याच्या झाकणात, मोज्यात, चष्म्याच्या काडीच्या सांध्यात. कंपनीत ज्या दगडी टेबलावर आम्ही भाग ठेवून मोजतो तिथे धुळीचा कणही चालत नाही. त्या टेबलावर एकदा टिकली निघाली. माझ्याबरोबरचा म्हणाला, "भाऊ, हा कुठल्या मॉडेलचा पार्ट?" सगळे हसले, मीही हसलो. टिकली बोटाला लागली ती शिफ्ट संपेपर्यंत तिथेच होती. घर मी रोज झाडतो, फरशी पुसतो, कपडे झटकून वाळत घालतो. तरी त्या कुठून येतात याचा हिशेब मला लागला नाही.

आमची गल्ली ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरातल्या मावशी शेजारीच राहतात. जमीन गेली, बंगला झाला, पण मावशी दिवसभर आमच्याच ओट्यांवर असतात. एका गुरुवारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, त्या वरच्या डब्याडुब्याचं काय करनार हाय?"

"काय करायचं, मावशी? आहेत तिथे आहेत."

"आमची सून इचारत हुती. तिला लई नाद. पडून गंजून जायाचं त्यापरीस कुनाच्या तरी हाताला लागंल."

"मुलीचं आहे ते."

"लेकीनं हात लावलाय व्हय वरीसभरात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई ना? मग?"

मुलीला विचारलं तर ती चार्जर गुंडाळता गुंडाळता "बघू पप्पा" म्हणाली. आणि त्याच आठवड्यात तिनं सांगितलं की दोन मैत्रिणींबरोबर हिंजवडीजवळ माणला खोली बघितली आहे. चिखलीहून कंपनीच्या कॅबमध्ये जाताना दोन तास आणि येताना दोन तास, पावसात तर विचारायलाच नको. तिचं म्हणणं बरोबर होतं. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. महिनाअखेरीला ती जाणार होती.

तेव्हा मी पेटी करायचं ठरवलं. सामान असं बिस्किटांच्या डब्यांत आणि मिठाईच्या खोक्यांत विखुरलेलं राहिलं तर ती ते नेणार नाही, आणि तिनं नेलं नाही तर ते आज ना उद्या मावशींच्या सुनेकडे जाईल, हे उघड होतं. एका चांगल्या पेटीत सगळं बसलं तर नेईल. नेलं तर कधीतरी उघडेल. माझी अपेक्षा एवढीच होती. त्यापुढचं मी कोणाशी बोललो नाही, पण सामान तिच्याबरोबर गेलं तर तिच्याबरोबर घरातलं आणखी कोणीतरी गेलं, असं मला वाटणार होतं.

मोशीच्या रस्त्यावर जुन्या पॅकिंगचं लाकूड मिळतं. परदेशातून मशीनरी ज्या खोक्यांतून येते त्यांच्या पाइनच्या फळ्या. स्वस्त, सरळ, गाठी कमी. फळ्या घासल्या की एक गोडसर वास सुटतो. दोन गुरुवार मी ओट्यावर बसून कापत, घासत, जोडत होतो. बाहेरची लांबी चारशे वीस मिलिमीटर, रुंदी तीनशे, उंची एकशे साठ. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजले, अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला, तो पॉलिश पेपरनं काढला. बिजागऱ्या पितळी घेतल्या. मावशी येता-जाता बघायच्या. "सुतार झालात व्हय आता? आमच्या देवघराचं दार लावून द्या मग."

आतली रचना मी कंपनीतल्यासारखी करायची ठरवली होती. आमच्याकडे हत्यारांचे ट्रे असतात. जाड फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असते. पाना पान्याच्या जागी, गेज गेजच्या जागी. काही गायब असलं तर सांगावं लागत नाही, रिकामा आकार दिसतो. मी वरून सगळे डबे खाली आणले, चादरीवर सामान मांडलं आणि एकेक वस्तू व्हर्निअरच्या जबड्यांत धरून मोजायला घेतली. मोठी कात्री, छोटी कात्री, भरतकामाच्या दोन रिंगा, क्रोशाच्या सुया, जरीची रिळं, रेशमी दोऱ्याची रिळं, मण्यांच्या बाटल्या, खड्यांची डबी, सुया खोचायची लाल खणाची गोल उशी.

सगळं मापात बसत गेलं. उशी बसेना.

पहिल्यांदा मोजली तेव्हा व्यास सदुसष्ट आला. खाच कापण्याआधी पुन्हा बघावं म्हणून मोजली तर चौसष्ट. मऊ वस्तू आहे, जबडे जास्त दाबले गेले असतील, म्हणून हलक्या हातानं मोजली. एकोणसत्तर. माझ्या कामात माप चुकणं चालतं, भाग लाल खोक्यात जातो, संपलं. पण एकच भाग तीनदा मोजला आणि तीन मापं आली, तर आम्ही भागावर संशय घेत नाही. मोजणाऱ्यावर घेतो. मी हात धुतले, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. वेगळंच काहीतरी आलं. उशी दाबली की सावकाश दबायची आणि सोडली की सावकाश वर यायची, श्वास सोडून घेतल्यासारखी. कापूस असा वागत नाही. दाबलेला कापूस दबूनच राहतो.

आणि तिला वास होता. मेथ्या घालून कढवलेलं खोबरेल, जे बायको घरी करायची. मी समजलो, तिच्या हातांचा असेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे. कंटेनर गेला की वरच्या खोलीतल्या मण्यांच्या बाटल्या डब्याला लागून किणकिण वाजायच्या. हा आवाज आमच्या घरात इतका जुना आहे की आम्हाला तो ऐकूही यायचा नाही. त्या दुपारी वीज गेली होती, दुरुस्तीसाठी गुरुवारी जातेच, पंखा बंद, सगळं शांत. एक कंटेनर गेला आणि वरून किणकिण आली. मी खाली चादरीकडे बघितलं. बाटल्या माझ्यासमोर होत्या, सगळ्या. मी वर जाऊन बघितलं नाही. उशी हातात होती, ती तशीच धरून बसलो.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. विंचरताना निघालेले केस बायका साठवून ठेवतात, ते घेऊन ती वाटी नाहीतर पेला देते. मावशींनी एक पांढरा गुंडा देऊन छोटी ताटली घेतली आणि मला दाखवायला आल्या.

"तुमच्या मालकिनीनं कंदी केस दिलं न्हाईत बघा हिला," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, अगं एवढी येनी तुजी, पातेलं मिळंल की. तर नुसती हसायची."

त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळ्याच कारणानं. उपचार चालू झाल्यावर बायकोचे केस गेले, सगळे. पण घरात मला तेव्हा एकही केस सापडला नव्हता. मोरीच्या जाळीत नाही, उशीवर नाही, केरात नाही. केर मीच काढायचो, म्हणून सांगतो. तिच्या टापटिपीचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आज टिकल्या झाडून संपत नाहीत त्याच घरात.

पुढच्या गुरुवारी मी झाकण सजवलं. तिच्याच सामानातली लेस कडेनं फिरवली, मध्ये खणाचा तुकडा ताणून चिकटवला आणि त्यावर छोटे गोल आरसे लावले, बरोबर पंचवीस मिलिमीटरच्या अंतरावर, पट्टी धरून. उशीसाठी सगळ्या मापांची सरासरी काढून खाच कापली. उशी तिच्यात बसली, पण वर उचललेलीच राहिली. झाकण लावलं की किंचित दाबली जायची.

जायच्या आदल्या दिवशी मुलीनं सामान बांधायला रजा टाकली. तो गुरुवार होता. मी पेटी तिच्यासमोर ठेवली.

"हे तुम्ही केलं?" तिनं झाकणावरून हात फिरवला. आरशांवर बोट नेत गेली आणि हसायला लागली. "पप्पा, हे ट्रकच्या मागचे रिफ्लेक्टर वाटतायत."

"सरळ आहेत ना?"

"तेच तर. एकदम सरळ आहेत."

ती किती महिन्यांनी अशी हसली होती. मग तिनं झाकण उघडलं आणि हसू थांबलं. कात्री काढली, पुन्हा खाचेत ठेवली. एक रीळ काढलं, पुन्हा ठेवलं.

"मम्मीनं सोडलं होतं तसंच आहे सगळं," ती म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

तिनं उठून आपली बॅग आणली आणि आतून पोपटी रेशमाचं एक नवं रीळ काढलं. मला याची काहीच कल्पना नव्हती. "काल येताना घेतलं," ती जरा अवघडून म्हणाली. "तिथे संध्याकाळी काहीतरी करत बसावं म्हटलं."

जुनं, संपत आलेलं पोपटी रीळ काढून तिनं नवं त्या खाचेत घालायला बघितलं. गेलं नाही. शेजारच्या खाचेत बघितलं. गेलं नाही. एकेक करत ती सगळ्या खाचा बघत गेली. मी व्हर्निअर घेतलं. नवं रीळ अडतीस मिलिमीटर. माझ्या खाचा कुठे सव्वीस, कुठे तेवीस, एक तर एकोणीस. मी रिळं मोजली होती ती वापरून उरलेली. दोरा जिथवर संपला होता, तिथवरची. आयुष्यभर मापं घेतली, पण रीळ वापरल्यावर लहान होतं आणि नवं आणल्यावर मोठं होणार, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. बायको ज्या दिवशी थांबली त्या दिवसाची मापं मी घेतली होती.

"मोठ्या कापून देतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"किती मोठ्या? उद्या मी काय आणेन ते तुम्हाला काय माहीत?" तिनं रीळ परत बॅगेत टाकलं. "राहू दे, पप्पा. ही पेटी नाहीये, हा फोटो आहे. इथेच ठेवा. इथे छान दिसतोय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती झाकण लावायला लागली आणि ते पूर्ण बसेना. तिनं वाकून बघितलं.

"ही उशी का अशी वर आलीय?"

"तिचं माप लागत नाही," मी म्हणालो. "दर वेळी वेगळं येतं. दाबली की दबते, सोडली की फुगते. कापूस असा वागत नाही."

"कापूस कुठंय त्यात? केस आहेत."

मी व्हर्निअर खाली ठेवलं.

"मम्मीचे. विंचरताना निघायचे ते भरून ठेवायची. केसांना तेल असतं ना, सुया गंजत नाहीत. तिच्या आईकडून शिकलेली." ती थोडी थांबली. "पूर्वी एवढीशी होती ही. ट्रीटमेंटमध्ये सगळे गेले ना, तेव्हा आम्ही शिवण उसवून तेपण भरले. रोज सकाळी तुम्ही कंपनीत गेलात की. मी दाबून धरायची, ती शिवायची."

"मला नाही सांगितलं कोणी."

"मम्मी म्हणत होती," मुलगी म्हणाली, आणि तिचा चेहरा हसताहसता वाकडा झाला, "म्हणत होती, तुझ्या पप्पांना बोलू नको, रोज किती गेले ते मोजत बसतील."

बाहेर कुठलीतरी गाडी मागे घेताना पिपिप करत होती.

मग मी पेटी पुढे ओढली, सगळं सामान चादरीवर काढलं, फोमच्या कडेला बोटं घातली आणि तो अख्खा बाहेर उचलला. खाली पाइनची कोरी फळी होती, एका कोपऱ्यात परदेशातल्या खोक्याचा अर्धा शिक्का राहिलेला. मी सामान तसंच आत ठेवलं, कात्र्या, रिळं, बाटल्या. रिळं गडगडत एका बाजूला गेली.

"एवढं सैल चालेल?" मी विचारलं.

"असंच हवं," ती म्हणाली. बॅगेतून पोपटी रीळ काढलं आणि त्यात टाकलं.

उशी तेवढी तिनं हातात ठेवली होती. उलटीपालटी करून बघितली, मग छोटी कात्री घेऊन खालच्या शिवणीचे टाके कापले. मी नको म्हणणार होतो, म्हटलं नाही. आतून ते बाहेर आले. वर कोरडे, बारीक, आखूड तुकडे, आणि त्यांच्या खाली काळे, लांब, तेलकट, वळून वळून बसलेले. ओळखीचा वास खोलीभर झाला. तिनं चिमटीनं अर्धे वेगळे काढले, वरचेही आणि खालचेही. चादरीवरचा खणाचा एक हिरवा तुकडा घेतला, गोल कापला, त्यात ते भरले. सुई काढली आणि दोरा घेतला. दोन-तीनदा प्रयत्न केला. डोळे भरल्यावर दोरा ओवता येत नाही.

"द्या ना ओवून," ती म्हणाली.

मी चष्मा वर केला, दोरा ओठांत ओला केला आणि ओवून दिला. तिनं आधी जुनी उशी बंद केली, मग नवी शिवली. टाके तिच्या आईसारखेच, जवळ जवळ, पण एका मापाचे नाहीत. हिरवी उशी तिनं माझ्यासमोर ठेवली, तिच्यात एक सुई खोचली. "ही तुम्हाला. शर्टाचं बटण तुटलं की मावशींकडे जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी पेटी कॅबमध्ये तिच्या मांडीवर गेली. रावेतच्या पुलावर अडकले आहे, असा तिचा मेसेज आला. खाली फोटो होता, झाकणावरच्या आरशांत मागच्या गाड्यांचे दिवे.

मावशी विचारायला आल्या तेव्हा मी सांगितलं, लेकीनं सगळं नेलं. "नेलं व्हय? बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि जरा हिरमुसल्या. हिरव्या उशीत काय आहे ते त्यांना सांगितलेलं नाही. गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवू नयेत, असं त्या म्हणतील.

फोम मी टाकला नाही. तो वरच्या खोलीत फळीवर आहे, कात्रीच्या, रिंगांच्या, रिळांच्या रिकाम्या आकारांसकट, आणि गोल खाचेत हिरवी उशी. ती तिथे सैल बसते. मोठ्या रस्त्यावरून कंटेनर गेला की वरून अजूनही किणकिण येते. आता मी वर जाऊन बघतो. बाटली एकही नाही. गुरुवारी दुपारी, वीज गेली की, व्हर्निअर घेऊन जातो आणि उशी मोजतो, तीनदा. अजून एकदाही दोन मापं सारखी आलेली नाहीत.